प्रकल्प नोंदी: हिशेबाच्या टेबलासाठी १९ बटणांचा सुटा नंबर पॅड

४ ऑगस्ट २०२५ : गरज आणि मांडणी

चौदा इंची लॅपटॉपवर दिवसभर टॅलीच्या नोंदी आणि एक्सेलचे तक्ते चालतात. त्या लॅपटॉपना नंबर पॅड नाही. अंक वरच्या ओळीतून टाकायचे तर हात प्रत्येक रकमेला जागा सोडतो आणि नजर कागदावरून उठते. नंबर पॅडचा फायदा वेगापेक्षा यात जास्त आहे. ५ वरच्या उंचवट्यावर मधले बोट टेकले की बाकीचे अंक न बघता सापडतात आणि डोळे बिलावरच राहतात.

तयार यूएसबी पॅड बाजारात मिळतात, काहींवर बॅकस्पेस आणि ०००सुद्धा असते. पण कोणते बटण संगणकाला कोणता कोड पाठवते हे त्यांतल्या बहुतेकांत बदलता येत नाही, आणि नंबर पॅडच्या बहुतेक तक्रारी त्या कोडांपाशीच सुरू होतात. म्हणून पॅड स्वतः बांधायचा, आणि त्याचे फर्मवेअर (बोर्डात चढवायचा, बटणांचे कोड ठरवणारा प्रोग्राम) क्यूएमके.

नेहमीच्या पॅडवर १७ बटणे असतात. त्यांत + , एंटर आणि ० दोन घरांची. इथली मांडणी:

टॅब | / | * | −
७ | ८ | ९ | बॅकस्पेस
४ | ५ | ६ | +
१ | २ | ३ | एंटर (उभे, दोन घरांचे)
० | ०० | . | एंटरचा खालचा भाग

उभ्या + चे दोन तुकडे करून वर बॅकस्पेस दिले. नोंदी टाकताना + क्वचितच लागते, खोडायला मात्र सतत लागते. ० फोडून शेजारी ००, कारण टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवरही हाच क्रम असतो. नम लॉकला स्वतःचे बटण नाही. कारण पुढे येईलच.

६ ऑगस्ट : सामान, एका नगासाठी

एमएक्स पद्धतीचे लाल स्विच १९ (दाबायला ४५ सेंटिन्यूटन, बटण एकूण ४ मिमी खाली जाते, २ मिमीवर जोडणी)
१एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) १९, शिवाय पाचेक जादा
प्रो मायक्रो बोर्ड १ (एटीमेगा३२यू४, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ)
दोन घरांचा, पट्टीवर बसणारा स्टॅबिलायझर (मोठे बटण तिरके न होता दबावे म्हणून तारेचा आधार) १
स्विच बसवायला १.५ मिमी जाडीची अॅल्युमिनियम किंवा स्टीलची पट्टी, लेझरने कापलेली
एम३ स्क्रू आणि पितळी खांब ४
डेटा चालणारी यूएसबी केबल. नुसती चार्जिंगची केबल चिकटवली तर बोर्डाचा दिवा लागतो पण संगणकाला काहीच दिसत नाही, आणि दोष बोर्डात शोधत बसावे लागते.

बटणांच्या टोप्या घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. नेहमीच्या संचात + दोन घरांचे येते आणि बॅकस्पेसही दोन घरांचे. इथे दोन्ही एका घराचे हवेत. ०० ची टोपी तर वेगळीच शोधावी लागते. आणि ५ वर उंचवटा असलाच पाहिजे, नुसता छापील ५ चालत नाही.

९ ऑगस्ट : पट्टी

दोन बटणांच्या मध्यांमधले अंतर १९.०५ मिमी. चार स्तंभ म्हणजे ७६.२ मिमी, पाच ओळी म्हणजे ९५.२५ मिमी. चारही बाजूंना ६ मिमी काठ धरून पट्टी ८८.२ × १०७.२५ मिमी. स्विचचे भोक १४ मिमी चौरस. लेझरचा झोत स्वतः थोडे साहित्य खातो, म्हणून आधी एकच भोक कापून स्विच बसवून पाहावा. तो कट्ट आवाज करून अडकला आणि बोटाने हलला नाही की मग पूर्ण पट्टी कापायला द्यावी.

३ मिमी अॅक्रिलिकचा मोह टाळावा. स्विचच्या बाजूचे दात १.५ मिमी जाडीसाठी केलेले असतात. जाड पट्टीत ते अडकतच नाहीत आणि टोपी ओढली की स्विचही हातात येतो.

एंटरच्या स्टॅबिलायझरचे दोन पाय स्विचच्या मध्यापासून वर आणि खाली प्रत्येकी ११.९४ मिमीवर. नकाशात हे बटण उभे आहे, तेव्हा स्टॅबिलायझरची भोके ९० अंशांत फिरवायला विसरू नये. तार बसवण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना थोडे ग्रीस लावावे. कोरडी तार खडखडते, आणि एंटर खालीच अडकले तर नोंदी रकान्यामागून रकाना ओलांडत जातात.

१२ ऑगस्ट : जोडणी

५ ओळी आणि ४ स्तंभांचे जाळे, म्हणजे बोर्डाच्या ९ पिना. २० जागांपैकी १९ वापरात.

स्तंभ : एफ४, एफ५, एफ६, एफ७. बोर्डावर यांची छापील नावे ए३, ए२, ए१, ए०.
ओळी : डी१, डी०, डी४, सी६, डी७. बोर्डावर २, ३, ४, ५, ६.

चिपच्या पिनेचे नाव आणि बोर्डावरचा छापील आकडा वेगळा असतो. क्यूएमकेला चिपचे नाव द्यायचे.

प्रत्येक स्विचच्या एका पायाला डायोड, त्याचा काळा पट्टा ओळीच्या तारेकडे. फर्मवेअरमध्ये दिशा ‘स्तंभाकडून ओळीकडे’. एखादा डायोड उलटा बसला तर तेवढे एकच बटण मुके राहते. सगळेच उलटे बसले तर सगळा पॅड मुका, आणि तेव्हा सोल्डर उचकटण्याऐवजी फर्मवेअरमधली दिशा बदलली की काम होते.

डायोड गाळून चालेल का, असे नेहमी विचारले जाते. चालत नाही. वेगाने टाइप करताना एक बोट उठण्याआधी दुसरे पडते. ७, ९ आणि १ एकाच क्षणी दाबलेले असतील तर विद्युतप्रवाह तिघांतून वळसा घालतो आणि न दाबलेला ३ उमटतो. पत्रात अशी चूक दिसते तरी, रकमेत ती दिसतही नाही.

सोल्डर झाल्यावर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक स्तंभाला, काळे ओळीला लावायचे आणि एकेक बटण दाबायचे. ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसले की ठीक. शून्याजवळ आकडा म्हणजे डायोडला वळसा घालून कुठेतरी थेट जोड झाला आहे.

मायक्रो यूएसबीचे तोंड असलेल्या बोर्डावर ते तोंड उपटून येते, हा या बोर्डाचा जुना दोष. तोंडाच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावले. आतल्या संपर्कांत इपॉक्सी गेले तर बोर्ड वाया, म्हणून केबल लावून ठेवूनच लावावे.

१४ ऑगस्ट : फर्मवेअर चढवणे

रीसेटची पिन ग्राउंडला पटापट दोनदा टेकवली की बूटलोडर (नवे फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्राम) सुमारे ८ सेकंद जागा राहतो. फाइल आधी तयार ठेवून ‘फ्लॅश’ची आज्ञा देऊन ठेवायची आणि मगच रीसेट करायचे. उलट क्रमाने ८ सेकंद सहज निघून जातात. पेटीच्या तळाला ३ मिमीचे भोक पाडून आत रीसेटचे बटण बसवले, नाहीतर प्रत्येक बदलाला चार स्क्रू.

१८ ऑगस्ट : कोणता कोड पाठवायचा

या प्रकल्पातला मुख्य निर्णय हाच.

यूएसबी कीबोर्ड अक्षरे पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतो. नंबर पॅडच्या बटणांचे क्रमांक वेगळे आहेत. दशमान पद्धतीत नम लॉक ८३, / ८४, * ८५, − ८६, + ८७, एंटर ८८, १ ते ९ साठी ८९ ते ९७, ० साठी ९८, बिंदू ९९. मुख्य कीबोर्डच्या वरच्या ओळीतला १ मात्र ३०, ९ म्हणजे ३८, ० म्हणजे ३९.

८९ ते ९९ या ११ कोडांचा अर्थ नम लॉकवर अवलंबून असतो. तो बंद असेल तर ८ म्हणजे वरचा बाण, १ म्हणजे एंड, बिंदू म्हणजे डिलीट. / * − + एंटर यांना काही फरक पडत नाही. आणि नम लॉक चालू आहे की बंद हे पॅड ठरवत नाही, संगणक ठरवतो. तो पॅडला फक्त दिवा लाव किंवा विझव असे कळवतो.

हे दोनपदरी वागणे १९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ बटणी कीबोर्डातून आले. त्यावर बाणांची वेगळी बटणे नव्हती, तेव्हा एकाच बटणावर दोन कामे देण्याला अर्थ होता. १०१ बटणी कीबोर्डात बाण वेगळे झाले तरी नम लॉक मागे राहिला. आज हिशेबाच्या टेबलावर त्याचा उपयोग जवळजवळ नाही, उपद्रव बराच आहे:

संगणक चालू होताना विंडोज नम लॉक बंद ठेवते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) डीफॉल्ट वापरकर्त्याच्या ‘कंट्रोल पॅनेल – कीबोर्ड’ खाली ‘इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स’चे मूल्य २ केले (नव्या विंडोजवर २१४७४८३६५०) तर चालू राहतो. पण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर हा बदल टिकेलच असे नाही. ते बंद करावे लागते.

दूरच्या सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने काम करताना इकडचा आणि तिकडचा नम लॉक कधीकधी जुळत नाही. दिवा लागलेला आणि रकमेऐवजी कर्सर सरकतोय, हे लक्षण त्याचेच.

काही जुन्या लॅपटॉपवर यू-आय-ओ, जे-के-एल या अक्षरांत नंबर पॅड दडलेला असतो. बाहेरच्या पॅडने नम लॉक लावला की लॅपटॉपची अक्षरेच अंक होतात. मग पासवर्ड चुकतो आणि कारण लवकर सापडत नाही.

नम लॉक चालू असताना शिफ्ट दाबून नंबर पॅडचा ४ दाबला तर विंडोज शिफ्ट सोडल्याचे भासवून नुसता डावा बाण देते. म्हणून त्या बाणांनी मजकूर निवडता येत नाही.

मार्ग दोन. पहिला : पॅडने स्वतः लक्ष ठेवायचे, दिवा विझल्याचे कळले की नम लॉकचा कोड पाठवायचा. क्यूएमकेत दिव्याच्या बदलाचे फंक्शन असते, त्यात हे चार ओळींत बसते. पण संगणकाचे उत्तर यायला वेळ लागतो. तेवढ्यात फर्मवेअरने दुसऱ्यांदा कोड पाठवला तर लागलेला नम लॉक परत बंद होतो. मॅकवर याहून वाईट. तिथे नम लॉक नसतोच, त्या बटणाचा अर्थ ‘क्लिअर’ असतो आणि दिवा कधीच लागत नाही. मग फर्मवेअर क्लिअर पाठवतच राहते.

दुसरा मार्ग : ११ कोड बदलून टाकायचे. अंकांना ३० ते ३९, बिंदूला ५५, म्हणजे वरच्या ओळीचे कोड. नम लॉकचा संबंधच संपतो.

दुसऱ्या मार्गाची किंमतही मोजली. ऑल्ट धरून आकडे टाकण्याची युक्ती (ऑल्ट ०१७६ ने °, ऑल्ट ०१८९ ने ½, ऑल्ट ०२१५ ने ×) फक्त नंबर पॅडच्या कोडांनी चालते. लॅपटॉपवर शिफ्ट धरला असेल तर ५ ऐवजी % येतो. मराठी किंवा हिंदी कीबोर्ड निवडलेला असेल तर काय उमटेल ते त्या मांडणीवर ठरते. ब्लेंडरसारख्या प्रोग्रामात नंबर पॅडचा १ समोरून, ३ उजवीकडून, ७ वरून दृश्य दाखवतो, तेही जाते.

निर्णय : हिशेबाच्या टेबलावर वरच्या ओळीचे कोड हाच मूळ थर (थर म्हणजे सगळ्या बटणांच्या कोडांचा एक संच). नंबर पॅडचे खरे कोड दुसऱ्या थरात, टॅब धरून * दाबले की अदलाबदल. निवड बोर्डाच्या स्मृतीत राहते, केबल काढली तरी जात नाही. ड्रॉइंगच्या टेबलावर पॅड गेला तर उलट ठेवावा.

२१ ऑगस्ट : दुहेरी शून्य

यूएसबीच्या यादीत ०० साठी १७६ आणि ००० साठी १७७ असे कोड आहेत. विंडोज ते अंकांत उमटवत नाही, म्हणून ०० हे मॅक्रोच ठेवावे लागते: शून्य दाब, सोड, दाब, सोड. मधला विलंब शून्य ठेवला तर लॅपटॉपवर ठीक चालते, रिमोट डेस्कटॉपवर अधूनमधून एकच शून्य पोचते. ५०,००० चे ५,००० होणे परवडणारे नाही. प्रत्येक दाबाला १० मिलिसेकंद विलंब दिला.

दुसरी अडचण अंगठ्याची. दोन घरांच्या शून्याची सवय असलेला अंगठा ० आणि ०० च्या सीमेवर पडतो आणि दोन्ही बटणे एकदम दबतात. ०० चा स्विच बदलून काळा (६० सेंटिन्यूटन) टाकला. ओझरता अंगठा आता तिथपर्यंत दाब देत नाही, मुद्दाम दाबले तर फरक जाणवत नाही.

२३ ऑगस्ट : एकच दाब, दोन अंक

५ एकदा दाबून ५५ येणे. कारण बहुधा संपर्काची थरथर, म्हणजे दाबताना स्विचचा संपर्क क्षणभर जुळत-तुटत राहणे. क्यूएमके मूळात ५ मिलिसेकंद थांबते, ते ८ केले. वेग कमी होईल ही शंका काढण्यासाठी हिशेब: कर्मचारी निवड आयोगाच्या डेटा एंट्री ऑपरेटरच्या चाचणीत ताशी ८,००० दाब लागतात. म्हणजे दोन दाबांत सरासरी ४५० मिलिसेकंद. त्याच्या दुप्पट वेगाच्या हातालाही ८ मिलिसेकंद दिसणार नाहीत.

८ नंतरही तेच बटण दुहेरी देत असेल तर आधी त्याचे सोल्डर पुन्हा वितळवावे, मग स्विच बदलावा. मूल्य ३०-४० पर्यंत चढवत नेणे म्हणजे आजारी स्विच लपवणे.

२७ ऑगस्ट : टॅबखालचा थर

डावे वरचे बटण झटकन दाबले तर टॅब, २०० मिलिसेकंदांहून जास्त धरले तर थर. त्या थरात अंक म्हणजे त्याच क्रमांकाचे फंक्शन बटण. टॅलीत एफ२ तारीख, एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. नव्याने काही पाठ करायचे नाही. थर + एंटर म्हणजे कंट्रोल-ए, नोंद मान्य. थर + बॅकस्पेस म्हणजे एस्केप. थर + ०० म्हणजे ०००. नम लॉक अगदी लागलाच तर थर + ०.

थर + बिंदू म्हणजे ₹. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ मांडणी असेल तर उजवा ऑल्ट आणि वरच्या ओळीतला ४, तेच मॅक्रोत घातले. ‘इंग्लिश (यूएस)’ मांडणीवर हे चालत नाही. ऑल्ट ८३७७ ही युक्ती वर्डमध्ये ₹ देते, जुन्या नोटपॅडमध्ये नाही. तिथे ८३७७ ला २५६ ने भागून उरलेला १८५ घेतला जातो आणि जुन्या ४३७ क्रमांकाच्या कोड पानातले ╣ हे चौकटीचे चिन्ह उमटते.

एक्सेलसाठी टॅबची जोडी उत्तम. आडव्या ओळीत टॅबने पुढे जायचे, ओळ संपली की एंटर. कर्सर आपोआप पुढच्या ओळीत, जिथून टॅब सुरू केला त्या स्तंभात येतो.

२ सप्टेंबर : देवनागरी अंकांचा थर

थर + − ने चालू-बंद. युनिकोडमध्ये ० ते ९ ओळीने ०९६६ ते ०९६एफ. क्यूएमके हे अंक थेट पाठवू शकत नाही, संगणकाच्या युनिकोड टाकण्याच्या पद्धतीची नक्कल करते. लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-यू, कोड, स्पेस. विंडोजवर विनकंपोज हा छोटा प्रोग्राम लागतो: उजवा ऑल्ट, यू, कोड, एंटर.

अडते ते असे. पॅड ‘यू’ अक्षर नव्हे, त्या जागेच्या बटणाचा क्रमांक पाठवतो. संगणकावर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी) निवडलेले असेल तर त्या जागी ह आहे, आणि १ ऐवजी भलतेच काही उमटते. म्हणजे हा थर इंग्रजी मांडणीवरच चालतो, जिथे मराठी मजकूर टाइप होत नाही. पत्रात अधूनमधून क्रमांक टाकायला ठीक, सलग लेखनाला गैरसोयीचा. थर ठेवला, पण शिफारस नाही.

एक्सेलमध्ये तर त्याची गरजच नाही. रकमा इंग्रजी अंकांत टाकाव्यात आणि कस्टम फॉरमॅटमध्ये चौकोनी कंसात डॉलरचे चिन्ह, आडवी रेघ, ४०००४३९ आणि कंसाबाहेर ० लिहावे (सगळे इंग्रजी अंकांत). आकडे देवनागरीत दिसतात, बेरीज बिघडत नाही.

५ सप्टेंबर : १-२-३ वर हवे, अशी मागणी

काउंटरवरून आली. कार्डाचे मशीन, एटीएम आणि मोबाइल यांवर १-२-३ वर असते, इथे ७-८-९ वर. दोन्ही परंपरा जुन्या आहेत. दहा बटणांच्या बेरीज यंत्रांनी ७-८-९ वर ठेवले आणि संगणकाने ते उचलले. दूरध्वनीसाठी बेल लॅब्जने वेगवेगळ्या मांडण्या लोकांवर तपासल्या, तो अभ्यास १९६० मध्ये छापला, आणि १९६३ च्या टच-टोन फोनपासून १-२-३ वर आले.

फर्मवेअरमध्ये हे सहा कोडांचे काम. टोप्यांचे मात्र तसे नाही. उतार असलेल्या संचात प्रत्येक ओळीची उंची वेगळी असते, ७-८-९ च्या टोप्या खाली नेल्या की पायऱ्या विस्कटतात. सपाट, सगळ्या ओळी सारख्या असलेला संच हवा. एकाच माणसाला कॅल्क्युलेटर आणि पॅड दोन्ही वापरायचे असतील तर बदल करू नये. फक्त काउंटरच्या नगाला केला.

९ सप्टेंबर : टेबलावर गेल्यावर काय बिघडेल

अंक उमटत नाहीत, माउसचा बाण सरकतो : विंडोजचे माउस कीज चालू झाले. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले की होते, तसेच दाबून बंद होते. आपल्या मूळ थरात हे होणार नाही, खऱ्या कोडांच्या थरात होईल. लिनक्सच्या काही मांडण्यांत शिफ्ट आणि नम लॉक एवढेच पुरते.

एक अख्खी ओळ किंवा अख्खा स्तंभ मुका : बोर्डाजवळची तार सुटली. एकच बटण मुके : डायोड किंवा स्विच.

७ चा ४ आणि ४ चा १ असे सरकलेले अंक : ओळींच्या पिनांचा क्रम एका घराने चुकला. तारांना हात न लावता फर्मवेअरमधली यादी सुधारावी.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पॅड गप्प : आधी यूएसबी हब वगळून थेट जोडून पाहावा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या हबची वीज वाचवण्याची खूण काढावी.

१२ सप्टेंबर : सोपवणी

प्रत्येक नगाच्या तळाला चिठ्ठी चिकटवली : फर्मवेअरची तारीख, मूळ थर कोणता, आणि ‘टॅब धरून *’ ने काय बदलते. फर्मवेअरची तयार फाइल, पिनांची यादी आणि पट्टीचा नकाशा एकाच फोल्डरमध्ये. काउंटरच्या नगाची फाइल वेगळ्या नावाने ठेवली आहे. ती दुसऱ्या नगावर चढली तर टोपीवर ७ आणि पडद्यावर १ दिसेल.

उरलेले काम : ०० साठी आणखी दोन काळे स्विच मागवणे, आणि पेटीच्या तळाला रबरी पाय. सध्याचे गुळगुळीत तळ सनमायकावर एंटरच्या प्रत्येक दाबाला मागे सरकते.